तालमीची नोंद कोण ठेवणार?

उस्ताद अमीर हुसेन खाँ १९६९ साली मुंबईत निवर्तले. त्यांच्या स्वतःच्या वादनाची आज ऐकायला मिळणारी ध्वनिमुद्रणे मोजकी आहेत, आणि नुसती तेवढी ऐकून नव्या श्रोत्याला त्यांच्या थोरवीचा अंदाज येईल असे नाही. पण महाराष्ट्रात किंवा गोव्यात चांगला तबला कानावर पडला आणि वाजवणाऱ्याच्या गुरूंचे, त्या गुरूंच्या गुरूंचे नाव विचारत मागे गेले, तर दोन-तीन पिढ्यांत आपण पुष्कळदा याच माणसापाशी पोहोचतो. त्यांचे आयुष्यभराचे काम त्यांच्या शिष्यांच्या आणि त्या शिष्यांच्या शिष्यांच्या हातांत राहिले. अशा कामाची नोंद ठेवायची कशी, हा प्रश्न गेल्या पन्नास-साठ वर्षांत आपण नीट विचारलाच नाही. तो आता विचारायला हवा, कारण उत्तर देऊ शकतील अशी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

खाँसाहेब मूळचे मेरठ जिल्ह्यातल्या बनखेडा गावचे. वडील अहमद बक्ष सारंगीवादक, हैदराबाद दरबारात नोकरीला. मामा मुनीर खाँ. या मामांनी फरुखाबादचे हुसेन अली खाँ, दिल्लीचे बोली बक्ष अशा वेगवेगळ्या बाजांच्या, म्हणजे वादनशैलींच्या, उस्तादांकडे शिकून विद्येचा मोठा साठा केला होता आणि मुंबईत राहून तो वाटला. अहमदजान थिरकवा हे मुनीर खाँसाहेबांचे सर्वांत गाजलेले शिष्य. बालगंधर्वांच्या नाटक कंपनीत त्यांनी केलेली साथ मराठी रसिकांच्या घराघरांत पोहोचली आणि १९७० मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. थिरकवांनीही महाराष्ट्रात शिष्य घडवले. पुण्याचे लालजी गोखले, ठाण्याचे भाई गायतोंडे ही त्यांतली ठळक नावे. तरीही लोकांच्या मनात थिरकवा आहेत ते वादक म्हणून. अमीर हुसेन खाँ त्याच मुनीर खाँसाहेबांचे भाचे आणि शागीर्द. त्यांचे नाव तबल्याच्या वर्तुळाबाहेर फारसे कुणाला ठाऊक नाही, आणि त्या वर्तुळात मात्र ते कानाची पाळी धरूनच घेतले जाते. ते मोठे रचनाकार होते. गती, तुकडे, चक्रदार अशा बंदिशी त्यांनी विपुल बांधल्या. आणि जे बांधले, ते शिकवून टाकले.

त्यांनी कोणाला शिकवले हे पाहिले की त्या काळाच्या मानाने ही गोष्ट केवढी मोठी होती ते कळते. तबल्याची विद्या त्याआधी कित्येक पिढ्या घराण्यांत, खरे तर घरांत, राहिली होती. खास बंदिशी परक्याला द्यायच्या नाहीत, हा रिवाज होता. लखनौच्या बक्षू खाँनी मुलीच्या लग्नात जावई, फरुखाबादचे हाजी विलायत अली, यांना हुंडा म्हणून गती दिल्या, असे परंपरा सांगते. त्या कथेतला तपशील इतिहासाच्या कसोटीला किती उतरेल ते बाजूला ठेवू. पण बंदिश ही मालमत्ता मानली जात होती एवढे त्यातून स्वच्छ दिसते. अमीर हुसेन खाँ त्याच फरुखाबादी वारशाचे धनी. त्यांच्यापुढे मुंबईत शिकायला बसले ते गोव्यातल्या नागेशीचे पंढरीनाथ नागेशकर, बंगालमधल्या बारिसालहून आलेले निखिल घोष, मराठी मध्यमवर्गातले अरविंद मुळगावकर आणि पारशी कुटुंबातल्या आबान मिस्त्री. यांतले कोणीही खाँसाहेबांच्या रक्ताचे नव्हते. एक तर बाई होती, आणि त्या काळी बाईने तबल्याला हात लावणेच समाजाला खपत नसे.

या शिष्यांनी पुढे काय केले तेही पाहण्यासारखे आहे. नागेशकरांनी आधी गोव्यात आणि मुंबईत अनेकांकडे विद्या घेतली होती. गोव्याला त्या काळी लयीच्या अभ्यासाची मोठी परंपरा होती आणि ‘लयभास्कर’ खाप्रूमामा पर्वतकरांसारखा माणूस तिच्या शिखरावर होता. नागेशकर त्यांच्याकडेही शिकले होते. खाँसाहेबांच्या तालमीने त्या साऱ्याला एक घाट दिला आणि पंचाण्णव वर्षांच्या आयुष्यात नागेशकरांनी तो पुढच्यांना दिला. निखिल घोषांनी १९५६ मध्ये मुंबईत अरुण संगीतालय काढले. तेच पुढे संगीत महाभारती झाले. तिथे सुरू झालेले भारतीय संगीताच्या कोशाचे काम त्यांच्या निधनानंतर, २०११ मध्ये, तीन खंडांत छापून आले. मुळगावकरांनी मराठीत ‘तबला’ हा ग्रंथ लिहिला आणि गुरूंकडून आलेल्या बंदिशी कागदावर आणल्या. आबान मिस्त्रींनी स्वतंत्र वादन तर केलेच, शिवाय पखावज आणि तबल्याच्या घराण्यांवर हिंदीत संशोधनग्रंथ सिद्ध केला. एक संस्था, एक कोश, दोन महत्त्वाचे ग्रंथ आणि वादकांच्या दोन पिढ्या. खाँसाहेबांनी यांतले एकही काम स्वतः केले नाही. पण या प्रत्येकाच्या मुळाशी त्यांनी दिलेली तालीम आहे.

ही तालीम म्हणजे नेमके काय, हे तबला न शिकलेल्या वाचकासाठी थोडे उलगडून सांगायला हवे. पुष्कळांना वाटते की गुरू बोल सांगतो आणि शिष्य ते पाठ करून वाजवतो. बोल सांगणे हा शिकवण्याचा सर्वांत सोपा भाग. त्याच्या आधी येतो निकास, म्हणजे एखादा बोल तबल्यावर कुठे, कोणत्या बोटाने, किती वजनाने काढायचा ते. ‘तिट’ किंवा ‘तिरकिट’ ही अक्षरे कागदावर एकच दिसतात. दिल्लीच्या बाजात ती दोन बोटांनी, काठावरची चाट आणि मधली काळी शाई यांच्या बेताबेताने काढली जातात. लखनौ-फरुखाबादकडच्या पूरब बाजात पंजा उघडा होतो, चाट आणि शाईमधली लव आणि शाई यांवर सगळा हात येतो, नाद मोठा होतो. इतकेच नाही, तर एकाच घराण्यात एकाच बोलाचा निकास पुढे-मागे कोणता बोल आहे आणि लय किती आहे यावर बदलतो. विलंबितात जो हात शोभतो तो द्रुतात अडखळतो. हे शिष्याला आधी सांगून कळत नाही. त्याचा हात अडखळायला लागतो तेव्हा गुरूने ते ऐकावे लागते, बोट कुठे चुकते ते पाहावे लागते आणि त्या क्षणी सांगावे लागते.

मग येतो कायदा. चार-सहा बोलांचे एक वाक्य, त्याला भरी आणि खाली. पहिल्या भागात डग्गा घुमतो, पुढे त्याच बोलांत तो बंद होतो आणि मग परत येतो. कायद्याच्या विस्ताराला पलटे म्हणतात. पलटा करताना मूळ वाक्यातलेच बोल वापरायचे, बाहेरचा बोल आणायचा नाही. गणिताने पाहिले तर एका कायद्यातून शेकडो पलटे निघतील, आणि ते सगळे वाजवता येणे म्हणजे तबला येणे नव्हे. कोणता पलटा संगीताचा आहे आणि कोणता नुसता हिशेबाचा, हे ओळखण्याची दृष्टी गुरू देतो. तीही व्याख्यानाने देता येत नाही. शिष्य दहा पलटे वाजवून दाखवतो, गुरू सहा नाकारतो, आणि अशी वर्षे गेल्यावर शिष्य स्वतःच नाकारायला शिकतो. अजराडा घराण्याच्या कायद्यांतली तिस्र जातीची चाल आणि डग्ग्याचा लाडिक वापर, फरुखाबादच्या तिपल्ली गतीत एकच वाक्य तीन वेगळ्या लयींत मांडण्याची कारागिरी, हे सारे याच रीतीने डोक्यात आणि हातात मुरते.

या सगळ्याला बांधून ठेवते ती पढंत. तबल्याचे साहित्य मुळात बोलले जाणारे आहे. उस्ताद आधी तोंडाने चीज म्हणतो आणि त्या म्हणण्यात दम कुठे आहे, आघात कुठे आहे, कोणते अक्षर गिळायचे आणि कोणते उघडे टाकायचे हे सगळे येते. ज्याची पढंत स्वच्छ नाही त्याचा हात स्वच्छ होत नाही, असे जाणकार मानतात. नागेशकर आणि विनायकराव घांग्रेकर यांच्याकडे शिकलेल्या पंडित सुरेश तळवलकरांनी पढंतीला आजच्या मंचावर मानाची जागा दिली. मृदंगविद्वान रामनाड ईश्वरन यांच्याकडून त्यांनी कर्नाटक संगीतातला लयविचार घेतला आणि आपल्या तबल्यात मिसळला. २०१३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. विजय घाटे, रामदास पळसुले, कन्या सावनी तळवलकर असे शिष्य त्यांच्या हाताखालून गेले. तबल्याचा शिक्षक हाच ज्याच्या ओळखीचा गाभा आहे, असे आज महाराष्ट्रातले नाव घ्यायचे तर ते तळवलकरांचे घ्यावे लागेल.

शिक्षकाच्या कामातला आणखी एक भाग असा आहे की तो यशस्वी झाला की दिसत नाही. तो म्हणजे साथ. अतिविलंबित एकतालात एकेक मात्रा चार-पाच सेकंदांची होते, एक आवर्तन मिनिटभराच्या घरात जाते. त्या बारा मात्रा एकाच वजनाने, जागा न भरता, गायकाला टेकायला मिळेल अशा वाजवणे हे वेगाने वाजवायच्या रेल्याहून अवघड आहे. जो शिक्षक हे शिकवतो त्याच्या शिष्याला टाळ्या मिळत नाहीत. गाणे रंगले एवढेच लोक म्हणतात. जुन्या ध्वनिमुद्रिकांवर साथीदाराचे नाव पुष्कळदा छापलेलेही नसे. मग त्याच्या गुरूचे नाव कुठून येणार?

तबल्याची लोकप्रियता आज कमी नाही. २०२४ च्या डिसेंबरात उस्ताद झाकीर हुसेन गेले तेव्हा देशभर हळहळ व्यक्त झाली आणि ती खरी होती. त्या दिवसांत जे लिहिले-बोलले गेले त्यात वडील उस्ताद अल्लारखाँ यांचा उल्लेख सारखा आला, तो बहुधा झाकीरभाईंचे पिता आणि पंडित रविशंकरांचे साथीदार म्हणून. पंजाब घराण्याची अवघड लयकारी त्यांनी मुंबईत बसून वर्षानुवर्षे शिकवली, योगेश सम्सी त्यांच्याकडे वीसहून अधिक वर्षे शिकले, अनुराधा पाल त्यांच्या शिष्या, हे मात्र फार कमी ठिकाणी आले. वादक डोळ्यांसमोर असतो आणि शिक्षक बंद दाराआड, त्यामुळे हे स्वाभाविक आहे. पण सरकारी संस्था, विद्यापीठे आणि अभिलेखागारे यांनी तरी त्या दाराआड पाहायला हवे होते.

आपल्याकडे जतन झाले ते मैफलींचे. आकाशवाणीने केले, मुंबईच्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राने केले, संगीत नाटक अकादमीने केले. त्याचे मोल मोठे आहे. बंदिशींचेही जतन झाले. मुळगावकरांचा ग्रंथ आहे, सुधीर माईणकरांचे ‘तबलावादन : कला आणि शास्त्र’ आहे, तळवलकरांचे ‘आवर्तन’ आहे. मराठीत तबल्यावर झालेल्या गंभीर लेखनाचा या भाषेने अभिमान बाळगावा. पण भातखंडे पद्धती असो वा पलुसकर पद्धती, लिपीत मात्रा, विभाग आणि बोल येतात. बोट येत नाही, वजन येत नाही. आज आंतरजालावर एकेका कायद्याची डझनभर चित्रीकरणे मिळतात. अमरावतीच्या किंवा सावंतवाडीच्या मुलाला पूर्वी दहा वर्षे थांबून मिळाली नसती अशी बंदिश एका रात्रीत मिळते, आणि ही चांगलीच गोष्ट आहे. त्याला न मिळणारी गोष्ट वेगळी आहे. तो जे वाजवतो ते ऐकून त्यातले चुकलेले बोट दाखवणारे तिथे कोणी नसते. पेच इथे आहे. साहित्य विपुल झाले आणि दुरुस्ती दुर्मीळ झाली.

परीक्षांनी ही पोकळी भरून निघेल असे काहींना वाटते. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक ते अलंकार ही शिडी १९३१ पासूनच्या मोठ्या कामाचा भाग आहे आणि तिच्याकडे तुच्छतेने पाहणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. या परीक्षा नसत्या तर तालुक्याच्या गावी तबल्याचा वर्ग चालला नसता आणि शिकवणाऱ्याच्या घरी चार पैसे आले नसते. त्रुटी आहे ती आपल्या वापरात. दहावीला सवलतीचे गुण मिळतात म्हणून तीन परीक्षा देणारा आणि अकरावीला तबला माळ्यावर टाकणारा विद्यार्थी वर्गात बहुसंख्य झाला, की शिक्षकही अभ्यासक्रमातले ठराविक कायदे पाठ करून घेण्यापलीकडे जात नाही. निकासावर सहा महिने घालवायला त्याला वेळ नाही, पालकांना धीर नाही.

दुसऱ्या बाजूला, गुरुकुलाचे गोडवे गाऊन प्रश्न सुटणार नाही. जुन्या पद्धतीत गुरूची लहर हाच नियम होता. शिष्याने घरची कामे करायची, विद्या कधी मिळेल ते विचारायचे नाही, मिळाली तर गुरूच्या मुलाहून कमीच मिळेल हे गृहीत धरायचे. मुलींना दार बंद, आणि उघडले तरी त्यांच्या सुरक्षिततेची कोणतीही हमी नाही. कितीतरी गुणी हात त्या व्यवस्थेने अर्ध्यावर सोडून दिले. अमीर हुसेन खाँसाहेबांचे मोठेपण हेच की त्या व्यवस्थेत वाढून त्यांनी तिची कवाडे रुंद केली. म्हणून त्यांच्या नावाने त्या व्यवस्थेची जशीच्या तशी आरती करणे त्यांच्यावरच अन्याय करणारे ठरेल. तालमीतून घ्यायचा तो दीर्घकाळचा, समोरासमोरचा, चूक ऐकून सुधारणारा संबंध. त्याला नियम, मानधन आणि तक्रारीची सोय यांची जोड देता येते. ती दिली पाहिजे.

अशी जोड देण्याचे प्रयोग आपल्याकडे झाले आहेत. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राने पदवीच्या चौकटीत गुरूंकडची तालीम बसवली. कोलकात्यात आयटीसी संगीत रिसर्च अकादमीने गुरूंना परिसरात राहायला घर देऊन शिष्य त्यांच्या हाती सोपवले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची योजना आणली, त्यामुळे औपचारिक पदवी नसलेल्या पण पंधरा वर्षांचा अनुभव असलेल्या जाणकाराला वर्गात आणण्याची वाट मोकळी झाली. तत्त्व स्वागतार्ह आहे. मात्र त्या योजनेत एका संस्थेतली मुदत तीन वर्षे, अपवाद म्हणून आणखी एक. उद्योगातला तज्ज्ञ तीन वर्षांत आपला अनुभव वर्गाला देऊन जाऊ शकेल. तबल्यात तीन वर्षांत हात बसायला लागतो, म्हणजे खरे शिक्षण सुरू होण्याची वेळ येते, आणि नेमकी तेव्हाच गुरूची मुदत संपते. संगीताच्या बाबतीत ही मर्यादा किमान आठ-दहा वर्षांची करावी, अशी मागणी महाराष्ट्र आणि गोव्यातल्या विद्यापीठांनी आयोगाकडे केली पाहिजे.

दुसरे काम त्याहून निकडीचे आहे आणि त्यासाठी कोणताही सरकारी नियम बदलावा लागत नाही. १९६५ च्या सुमारास विशीत असताना जो अमीर हुसेन खाँसाहेबांकडे शिकला, तो आज ऐंशीच्या घरात आहे. थिरकवांचे शेवटचे शिष्यही आता वयोवृद्ध आहेत. त्यांच्याकडून बंदिशी लिहून घेतल्या गेल्या असतील, मुलाखती झाल्या असतील. व्हायला हवे ते तालमीचे ध्वनिचित्रमुद्रण. एक गुरू, एक होतकरू शिष्य, एकच कायदा, सहा महिने. प्रत्येक बैठक चित्रित करायची, तीत शिष्याच्या चुकाही ठेवायच्या, गुरू कुठे थांबवतो, बोट कसे बदलायला लावतो, तोच बोल चौथ्यांदा वेगळ्या पद्धतीने कसा म्हणून दाखवतो ते सारे ठेवायचे. संपादन करून चकचकीत माहितीपट करण्याचा मोह टाळायचा. गुरूंना आणि शिष्याला त्याचे रीतसर मानधन द्यायचे, चित्रणावरचा त्यांचा हक्क लेखी मान्य करायचा आणि ते चित्रण विद्यापीठांच्या ग्रंथालयांत अभ्यासकांसाठी ठेवायचे. यासाठी दोन कॅमेरे, एक शांत खोली आणि तबला समजणारा एक तंत्रज्ञ लागतो. राज्याच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाला किंवा गोव्याच्या कला अकादमीला हा खर्च जड जाऊ नये. पहिली यादी करायला महिनाभर पुरेल. ती ज्येष्ठ शिष्यांच्या वयाच्या क्रमाने करावी.